भोपाळचा पाच दिवसांचा इंटरव्ह्यू, ग्वाल्हेरहून (माझा अनुभव)

सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेची, लेखी पास झालो आणि भोपाळच्या सिलेक्शन सेंटरचं कॉल लेटर आलं. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून बँक, रेल्वे, एमपीपीएससी सगळं दिलेलं लोक सापडतात पण एसएसबीला (लेखीनंतरची सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत) गेलेलं कोणी लवकर सापडत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

एसएसबी म्हणजे पाच दिवस तिथेच राहायचं, फोन पहिल्या दिवशी जमा, गळ्यात चेस्ट नंबर, आणि तीन वेगवेगळे लोक तुम्हाला वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. सायकॉलॉजिस्ट तुमचं लिहिलेलं वाचतो, जीटीओ म्हणजे ग्रुपच्या टेस्ट घेणारा ऑफिसर ग्राउंडवर बघतो, आणि इंटरव्ह्यूइंग ऑफिसर म्हणजे आयओ समोर बसवून बोलतो. शेवटी तिघं एकत्र बसून आपापलं ताडून बघतात. आता यात पाठ केलेलं कसं टिकणार? एकाला तुम्ही लीडर म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याने तुम्हाला ग्राउंडवर फट्ट्याच्या (लाकडी फळीच्या) टोकाला गप्प उभं बघितलं तर झालंच की. तरी चित्र बघून गोष्ट लिहायची असते तिथे पोरं कोचिंगमधून तयार गोष्टी घेऊन येतात, प्रत्येक चित्रात गावात पूर आणि हिरो पोरं वाचवतोय.

माझी तयारी मुख्यतः आत्याने करून घेतली, ती शाळेत शिकवायची, आता रिटायर आहे. तिला एसएसबीचं काही माहीत नव्हतं, मी तिच्या हातात फक्त पीआयक्यू फॉर्मचा नमुना दिला. हा फॉर्म तिथे गेल्यावर भरून द्यायचा असतो आणि आयओ बराचसा इंटरव्ह्यू त्याच्यावरच घेतो. वडिलांचं उत्पन्न, भावंडं, दहावीपासूनचे मार्क, खेळ, छंद, कुठे काही जबाबदारी घेतली का, सगळ्यात जास्त काळ कुठे राहिलात आणि तिथली लोकसंख्या किती, असलं सगळं. आत्या एकेक रकाना घेऊन खोदत बसायची. "छंद वाचन लिहिलंयस, शेवटचं काय वाचलंस? कधी? अर्धवट का सोडलंस?" मी वाचन खोडून सायकल दुरुस्ती लिहिलं, कारण ते मी खरंच करतो, आणि मग त्यावर कितीही विचारा. "बारावीत मार्क पडले, का?" यावर मी सरांचं नाव पुढे केलं की ती म्हणायची, "अरे, सर सगळ्यांनाच तेच होते ना?" रोज संध्याकाळी हे. वैताग यायचा. पण आयओ एका दमात आठ-दहा प्रश्न सोडतो, शाळा, मार्क, आवडते शिक्षक, नावडते शिक्षक, मित्र, मोकळा वेळ, आणि उत्तरं क्रमाने द्यायची, त्याची सवय इथेच लागली.

दुसरी गोष्ट स्वतःचं शहर. फॉर्मात ग्वाल्हेर लिहिलं की ग्वाल्हेरवर विचारणारच. लोकसंख्या 2011च्या जनगणनेत साडेदहा लाखांच्या आसपास, हे पाठ होतं. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन 876चा शिलालेख आहे ज्यात 270 आणि 50 हे आकडे शून्य वापरून कोरलेत, बाहेरून लोक ते बघायला येतात आणि मी आयुष्यभर उरवाई गेटची चढण फक्त पळायला वापरली होती, मग एकदा मुद्दाम जाऊन बघितलं. हवाई दलाची मिराज लढाऊ विमानं 1985 पासून इथेच, फेब्रुवारी 2019ला बालाकोटवर गेली ती पण इथूनच. आणि मराठी आडनाव बघून आयओ हमखास विचारणार की तुम्ही लोक इथे कसे. घरी याचं उत्तर "आपण शिंद्यांबरोबर आलो" एवढंच होतं. दौलतराव शिंद्यांनी 1810च्या सुमारास उज्जैनहून बस्तान इथे हलवलं, त्यानंतर कारकून, सरदार, पुरोहित, गवई असे येत गेले, हे बाबांना पण नीट सांगता येत नव्हतं. मला तो प्रश्न आलाच, आणि पुढे 1858ला राणी लक्ष्मीबाई इथे लढत असताना शिंदे कोणाच्या बाजूला होते हा पण आला. ग्वाल्हेरच्या पोराला तो सगळ्यात अवघड जातो भाऊ! जयाजीराव इंग्रजांच्या बाजूला होते असं सरळ सांगितलं, सारवासारव केली नाही, त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. आधी बुद्धिमत्तेची टेस्ट, मग एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात, गोष्ट लिहायला 4 मिनिटं, मग ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक ठरवायची. इथे जो गोंधळ होतो त्याला पोरं फिश मार्केट म्हणतात आणि बरोबर म्हणतात. ओरडून काही मिळत नाही, जरा आवाज खाली आला की दोन वाक्यं नीट बोला. दुपारी पास झालेल्यांचे नंबर वाचतात, बरीच गर्दी त्याच दिवशी बसने स्टेशनवर परत.

दुसऱ्या दिवशी नुसतं लिहिणं, 60 शब्दांवर प्रत्येकी 15 सेकंदांत एक वाक्य, मग 30 मिनिटांत 60 प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं. इतकं पळवतात की खोटं रचायला वेळच उरत नाही, माझ्या मते टेस्टची मेख तीच. आत काय काय आलं ते सांगणार नाही, सांगायचं नसतं.

ग्राउंडचे दोन दिवस मला सगळ्यात आवडले. फट्टा, बल्ली, रस्सी आणि ड्रम, लाल रंगाला हात लावायचा नाही, ग्रुपने सामान घेऊन पलीकडे जायचं. आमच्यात एक रिपीटर (आधी एसएसबी देऊन पुन्हा आलेला) होता, त्याला प्रत्येक ऑब्स्टॅकलचं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं, पण तो कोणाचं ऐकायचाच नाही, आणि कमांड टास्कला जेव्हा कमांडरने आपापले दोन सबऑर्डिनेट निवडायचे असतात तेव्हा त्याला कोणीच घेईना. जीटीओ काही बोलला नाही, वहीत लिहिलं फक्त. इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकल मात्र सराव मागतात, 10 अडथळे 3 मिनिटांत, तिथे पुशअप्स आणि ती उरवाईची चढण कामाला आली.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, सगळे ऑफिसर युनिफॉर्ममध्ये, मला जेवण कसं होतं आणि नवीन मित्र कोण झाले एवढंच विचारलं. नंतर रेकमेंड झालेल्यांचे चेस्ट नंबर वाचले, त्यात माझा होता.

त्याच्यापुढे मेडिकल, आणि याची तयारी कोणी करतच नाही. कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, वजन, दात (किमान 14 डेंटल पॉइंट म्हणजे दातांचे गुण लागतात), असल्या गोष्टींवर टेम्पररी अनफिट करतात. लेखी पास झाल्याबरोबर ईएनटी आणि डेंटिस्टकडे जाऊन या. आणि पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेचं तिकीट जपून ठेवा, भाडं परत मिळतं.

मेरिट लिस्ट अजून यायची आहे. आयएमएला (डेहराडूनची मिलिटरी अकॅडमी) लेखी 300 आणि एसएसबी 300 धरून यादी लागते, रेकमेंड झालो म्हणजे जॉइन झालो असं नाही, पण आईने पाटणकर बाजारात पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली होती, ती मी सध्या थांबवून ठेवलीये.