तुम्ही विचारलेत म्हणून: कोणता डार्सी खरा?

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: १९९५ सालची बीबीसीची मालिका चांगली, की २००५ सालचा चित्रपट? विचारणाऱ्याचे स्वतःचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. त्याला फक्त आपल्या पारड्यात आणखी एक मत हवे असते. म्हणून इतकी वर्षे मी ‘दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत’ असे गुळमुळीत बोलून वेळ मारून नेत आले. अलीकडे मात्र एका मैत्रिणीने हाच प्रश्न विचारताना ‘गुळमुळीत नको’ अशी अटच घातली, तेव्हा हे सविस्तर उत्तर.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी कादंबरीत बेनेट कुटुंबात पाच उपवर मुली आहेत. वडिलांची मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जाणार असल्यामुळे त्यांच्या पश्चात राहते घरसुद्धा मुलींचे राहणार नाही. ते कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या नातेवाइकाला मिळणार आहे. दुसरी मुलगी एलिझाबेथ आणि वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न असलेला गर्विष्ठ डार्सी यांचे आधी बिनसते आणि मग जमते. या बिनसण्या-जमण्याची रूपांतरे अनेक झाली. १९४० साली हॉलिवूडने केलेल्या चित्रपटात तर बायकांचे पोशाख कादंबरीच्या काळानंतर काही दशकांनी आलेल्या घेरदार फॅशनचे होते आणि डार्सीची खाष्ट मावशी लेडी कॅथरिन शेवटी चक्क प्रेमिकांच्या बाजूची निघाली. पण भांडण होते ते १९९५ आणि २००५ यांवरूनच.

मालिकेच्या बाजूचे लोक सांगतात की अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेल्या त्या सहा भागांत, म्हणजे जवळजवळ साडेपाच तासांत, कादंबरी श्वास घेते. जेनिफर एलची एलिझाबेथ ओठांच्या कोपऱ्यात हसते आणि कॉलिन फर्थचा डार्सी खिडकीपाशी नुसता उभा राहिला तरी पुरे होते. चित्रपटाबद्दल विचारले की ते तक्रारींची यादीच वाचतात: किरा नाइटलीची एलिझाबेथ केस मोकळे सोडून चिखलातून काय येते, डार्सीची लग्नाची पहिली मागणी बंद खोलीत घालायची सोडून भर पावसात काय घातली जाते, आणि दुसऱ्या मागणीच्या वेळी पहाटेच्या धुक्यातून गळ्याशी उघडा सदरा घालून डार्सी काय चालत येतो. चित्रपटाच्या बाजूचे उलट म्हणतात की मालिकेतली माणसे नुकतीच इस्त्री केल्यासारखी दिसतात, आणि प्रेमात पडलेल्या विशीतल्या मुलीच्या पायाला चिखल लागला म्हणून पुस्तक सोवळ्यात ठेवणाऱ्यांनी एवढे विटाळण्याचे कारण नाही.

या वादात ‘पुस्तकात असे नाही’ हे वाक्य ब्रह्मास्त्रासारखे वापरले जाते, म्हणून एक गंमत सांगते. मालिकेतला सर्वांत गाजलेला प्रसंग, डार्सी तळ्यात उडी मारतो तो, कादंबरीत कुठेही नाही. एवढेच नव्हे, तर ज्या क्षणाची आठवण लोक डोळे मिटून सांगतात, तो पाण्यातून निथळत बाहेर येतो तो क्षण, मालिकेतही नाही. तो उडी मारतो, क्षणभर पाण्याखाली दिसतो आणि मग एकदम ओल्या सदऱ्यात हिरवळीवरून चालत येताना दिसतो. मधला भाग प्रेक्षकांनी आपल्या मनात चित्रित केला आहे. २०१३ साली लंडनमधल्या सर्पेंटाइन तळ्यात पाण्यातून वर येणाऱ्या डार्सीचा अवाढव्य पुतळा उभारण्यात आला, तो म्हणजे कोणीच न चित्रित केलेल्या प्रसंगाचे स्मारक म्हणावे लागेल.

माझीही एकदा अशीच फजिती झाली. आम्ही काही जणी चित्रपट पाहत होतो. धुक्यातली ती दुसरी मागणी संपली तेव्हा मी जरा तोऱ्यातच म्हणाले की ऑस्टिनबाई असले काही लिहीत नाहीत, आणि पुरावा म्हणून कादंबरी काढून मोठ्याने वाचू लागले. डार्सीचे बोलणे आले. त्यावर एलिझाबेथचे उत्तर वाचायचे, तर उत्तर अवतरणचिन्हांत नव्हतेच. फारसे अस्खलित नसलेल्या शब्दांत तिने आपल्या भावना पार बदलल्या असल्याचे त्याला कळवले, असे लेखिका आपल्याला बाहेरून सांगते आणि पुढे जाते. ज्या वाक्यासाठी वाचक तीन खंड वाट पाहतो ते वाक्य तिने लिहिलेच नाही. पहिल्या मागणीतही डार्सीची सुरुवातीची वाक्ये तेवढी त्याच्या तोंडची आहेत, बाकीचे आर्जव आणि अपमान लेखिका स्वतःच्या शब्दांत सांगते. पडद्यावर मात्र नटांना असे बाहेरून बोलता येत नाही. त्यांना काहीतरी म्हणावे, करावे लागते. म्हणून प्रेमप्रसंगांपुरते ‘पुस्तकात असे नाही’ हे शस्त्र मी त्या संध्याकाळपासून खाली ठेवले.

पोशाखांवरूनही मी आता भांडत नाही. दिग्दर्शक जो राइट यांनी कथा १७९०च्या दशकात नेली, त्याला कमरेची रेषा छातीखाली आणणारे नंतरचे झगे त्यांना आवडत नव्हते हे एक कारण होते. पण कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ मधलाच असल्याने हा बदल निराधार म्हणता येत नाही. शिवाय ती नवी फॅशन त्यांनी फॅशनच्या पुढे धावणाऱ्या कॅरोलाइन बिंग्लीला, म्हणजे डार्सीच्या मित्राच्या बहिणीला, देऊन टाकली, हे मला फार चतुर वाटते.

माझे भांडण आहे ते डुकराशी. चित्रपटात बेनेटांच्या घरातून एक गलेलठ्ठ डुक्कर निवांत चालत जाते, अंगणात कोंबड्या-बदके फिरतात, भिंतींचे रंग उडालेले आहेत. चाहत्यांना यात अस्सल ग्रामीण जीवन दिसते. कादंबरीत मात्र कॉलिन्स जेवताना विचारतो की हा उत्तम स्वयंपाक कोणत्या बहिणीच्या हातचा, तेव्हा श्रीमती बेनेट फणकाऱ्याने सुनावतात की चांगली स्वयंपाकीण ठेवण्याची आमची ऐपत आहे आणि आमच्या मुलींचा स्वयंपाकघराशी संबंध नाही. वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्नाचे हे घर आज गरीब नाही. वडील डोळे मिटतील त्या दिवशी ते गरीब होणार आहे. हाच कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना हिशेब ऐकवतो की आईच्या पश्चात तिच्या वाट्याला चार टक्के व्याजाचे एक हजार पौंड येतील, म्हणजे वर्षाला चाळीस. डार्सीच्या उत्पन्नाचा अडीचशेवा भाग! पुढच्या दारिद्र्याची ही धास्ती कॅमेऱ्याला दिसत नाही, डुक्कर दिसते. म्हणून चित्रपटाने डुक्कर घेतले आणि धास्ती पातळ केली.

आणि धास्तीचे धनी कोण, तर श्रीयुत बेनेट. आपल्याला मुलगा होणारच आणि तो मोठा झाला की वारशाची अट मोडता येईल, या भरवशावर या गृहस्थाने कधी पैसा शिल्लक टाकला नाही, असे कादंबरी स्पष्ट सांगते. चित्रपटात डोनल्ड सदरलंड त्यांना इतके मायाळू करून टाकतात, पत्नीशी त्यांचे इतके गोड चाललेले दिसते, की मुलींच्या वाट्याला चाळीस पौंड का आले हा प्रश्न कोणी त्यांना विचारतच नाही. मुलींना उजवण्याची घाई करणारी आई तेवढी हास्यास्पद ठरते. चित्रपटावरचा माझा राग कोणत्या एका जागी धरायचा असेल, तर तो इथे धरावा.

आता खऱ्या उत्तराकडे येते. माझी कसोटी डार्सी नाही. शार्लट लूकस आहे. एलिझाबेथची ही मैत्रीण सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी, समजूतदार. एलिझाबेथने कॉलिन्सला नकार दिल्यानंतर दोनच दिवसांत शार्लट त्याला होकार देते, आणि तो प्रसंग ऑस्टिनने जसा लिहिला आहे तसे निष्ठुर विनोदी लेखन मी फार थोडे वाचले आहे. वरच्या मजल्याच्या खिडकीतून शार्लटला कॉलिन्स येताना दिसतो आणि ती गल्लीत त्याला ‘योगायोगाने’ भेटण्यासाठी तत्काळ बाहेर पडते. घरात आनंदीआनंद होतो. बहीण जन्मभर बिनलग्नाची राहील ही भावांची काळजी मिटते, धाकट्या बहिणींना आपण वर्ष-दोन वर्षे लवकर समाजात मिरवू अशी आशा वाटू लागते, आणि आई लेडी लूकस तर श्रीयुत बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागते. यात खलनायक कोणीच नाही. मुलीला स्थळ मिळाल्याचा आनंद झालेली ही साधी माणसे आहेत.

एलिझाबेथला धक्का बसतो. शार्लट शांतपणे म्हणते की मी कधीच भावनाप्रधान नव्हते, मला फक्त सुखाचे घर हवे. एलिझाबेथच्या प्रेमकथेला वजन येते ते या होकारामुळे. दहा हजार पौंडांच्या डार्सीला ती पहिल्या खेपेस नाही म्हणते तेव्हा ती काय पणाला लावते, हे शार्लटकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. स्वतः ऑस्टिनने डिसेंबर १८०२ मध्ये, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला असताना, एका मोठ्या मालमत्तेच्या वारसदाराला होकार दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला होता. पुढे ती अविवाहित राहिली, आणि या कादंबरीचे हक्क तिने ११० पौंडांना विकले. लिहिणारी बाई शार्लटला हसत असेल असे मला तरी वाटत नाही.

मालिकेतली शार्लट पुस्तकातलीच आहे. लग्नानंतर एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते तेव्हा ती सांगते की नवऱ्याला बागकामाचे आपण उत्तेजन देते, लेडी कॅथरिनकडे तो जवळजवळ रोज चालत जातो, आणि कित्येकदा अख्ख्या दिवसात आम्ही दोघे काही मिनिटांपलीकडे एकत्र नसतो. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर तक्रार नाही. जमाखर्च जुळल्याचे समाधान आहे. पदरी पडले आणि पवित्र झाले, अशी ही वृत्ती नव्हे, कारण पदरात काय पडू द्यायचे हे तिने डोळे उघडे ठेवून ठरवले होते.

चित्रपटातली शार्लट वेगळी आहे. ती अंगणात एलिझाबेथसमोर उभी राहून सांगते की माझे वय सत्तावीस, पैसा नाही, भविष्य नाही, आईबापांवर मी ओझे झाले आहे आणि मला भीती वाटते. मला दोष देण्याची हिंमत करू नकोस. पुस्तकातली शार्लट मेली तरी असे बोलली नसती. प्रथम पाहिले तेव्हा मी चिडले होते. आता वाटते की डुकराने आणि गोड बापाने जी धास्ती पुसून टाकली होती, ती या एका मिनिटात क्लॉडी ब्लेकलीने परत आणली. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना हे सारे प्रेम कोणत्या कड्याच्या काठावर चालले आहे, हे त्याच मिनिटात समजते.

तेव्हा, गुळमुळीत नको म्हणालात म्हणून सांगते: माझे मत मालिकेला. मात्र चित्रपटातले ते एक मिनिट, आणि एलिझाबेथला हात देऊन बग्गीत चढवल्यावर पाठ फिरवून जाणाऱ्या मॅथ्यू मॅकफेडियनच्या डार्सीची बोटे क्षणभर ताणली जातात ते दोन सेकंद, मी कोणालाही देणार नाही. पुस्तकात ते नाहीत.

आधी काय पाहावे असा पुढचा प्रश्न येतोच. आधी चित्रपट पाहा, एका संध्याकाळी होतो, मग मालिका, आणि मधल्या वेळात कादंबरीतले हन्सफर्डच्या, म्हणजे शार्लटच्या सासरच्या, मुक्कामाचे प्रकरण काढून पाहा. शार्लटच्या घरात बायकांची बसण्याची खोली मागच्या अंगाला आहे. जेवणाची खोली तिच्यापेक्षा मोठी आणि बाहेरचे दृश्यही तिथून छान, मग शार्लट तिथे का बसत नाही, असे एलिझाबेथला सुरुवातीला कोडे पडते. काही दिवसांनी तिच्या लक्षात येते की कॉलिन्सची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. मागची खोली तितकीच प्रसन्न असती, तर तो तिथेच येऊन बसला असता.