सांडपाण्यात एम.एस्सी.

बीएस्सीचे निकाल लागले की मला एक फोन हमखास येतो. करणारे बहुधा वडील असतात, कधी मामा. "मॅडम, पोरगी मायक्रो घेऊन पास झाली. पुढं ते पर्यावरणाचं अन् जंतूंचं काय ते करायचं म्हणायलीय. त्यात नेमकं शिकवतेत काय? अन् शिकायचंच तर पुण्या-मुंबईला जावं की, इथं मराठवाड्यात राहून काय कळणार?" मी दोन मिनिटांत काहीतरी सांगते. त्यानं त्यांचंही समाधान होत नाही आणि माझंही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आता जरा ऐसपैस सांगते.

विषय दोन आहेत, पण चालतात जोडीनं. बायोसर्व्हेलन्स म्हणजे माणसांत, जनावरांत, पाण्यात कोणता जंतू कुठं वाढतोय यावर सतत नजर ठेवायची, साथ दवाखान्याच्या दाराशी यायच्या आत. बायोरेमेडिएशन म्हणजे खराब झालेलं पाणी नाहीतर माती जिवाणू, बुरशी, वनस्पती यांच्याकडून साफ करून घ्यायची. नेमक्या या नावाची पदवी शोधत बसू नका. मायक्रोबायोलॉजी (फोनवरचं 'मायक्रो', म्हणजे जंतूंचं शास्त्र), पर्यावरणशास्त्र, बायोटेक, परभणीच्या कृषी विद्यापीठातलं मातीचं शास्त्र, परभणी-उदगीरची पशुवैद्यक महाविद्यालयं, अशा अनेक दारांनी या विषयात शिरता येतं.

आणि पुण्या-मुंबईचं म्हणाल, तर माझं मत उलट आहे. हा विषय शिकायला मराठवाड्यासारखी जागा नाही. अभिमानानं म्हणत नाही. इथं जे बिघडलंय ते पुस्तकात बसत नाही, म्हणून म्हणते.

मामला या गावाचं नाव तुमच्या कानावर आलंय का? बीड जिल्ह्यातलं छोटं गाव. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढं कितीतरी महिने आसपासच्या जिल्ह्यांत लोक घरात झोपायला धजत नव्हते. मामल्यातही लोकांनी घरं सोडली, धान्य आतच राहिलं, रिकाम्या घरात उंदीर माजले, असं कारण नंतर अभ्यासकांनी मांडलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, गावात उंदीर पडायला लागले, पिसवांनी लोक हैराण झाले. मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठी आल्या. प्लेग. देशात प्लेगचा त्याआधीचा रुग्ण १९६६ मध्ये नोंदला गेला होता. जवळपास तीन दशकं रोग दिसला नव्हता, त्यामुळं त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणाही ढिली पडली होती. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला, लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशी विमानं थांबली, माल अडकला. मृत्यू झाले साधारण पन्नासेक. आर्थिक नुकसान मात्र त्या आकड्याच्या कितीतरी पट होतं.

वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं पहिला प्रश्न विचारतात, "तेव्हा पीसीआर नव्हतं का?" म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारी तपासणी. नव्हतं म्हणण्यापेक्षा, त्यानं फरक पडला नसता. उंदीर मेलेले गावाला दिसत होते. जुन्या लोकांना प्लेगच्या काळातली रीतही ठाऊक होती: उंदीर पडले की गाव मोकळं करायचं आणि रानात खोपटी बांधून राहायचं. बघणारे डोळे गावात होते. ते बघितलेलं कुठं कळवायचं आणि कळवल्यावर कोण हलणार, हे ठरलेलं नव्हतं. बायोसर्व्हेलन्सचा अर्धा अभ्यासक्रम याच एका भेगेबद्दल आहे.

ती भेग बुजवायला २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात एस, पी आणि एल असे तीन फॉर्म. उपकेंद्रावरच्या सिस्टर फक्त लक्षणं भरतात: ताप किती, हगवण किती. डॉक्टर संशयित रोग लिहितात, प्रयोगशाळा पक्का. आता हे सगळं ऑनलाइन झालंय. मुलांना एल फॉर्म आवडतो, कारण त्यात खात्री असते. मी त्यांना एस फॉर्म वाचायला लावते. खात्री व्हायला वेळ लागतो, आणि साथ तेवढा वेळ देत नाही. एखाद्या उपकेंद्राच्या आकड्यांत हगवण अचानक तिप्पट झाली, तर ती खरोखर वाढली, की नवीन सिस्टर रुजू झाली आणि ती मन लावून लिहायला लागली? हे ओळखायला संख्याशास्त्र लागतं. मायक्रो घेतलं म्हणजे गणितातून सुटलो असं ज्या पोरांना वाटतं, त्यांची इथं गणिताशीच गाठ पडते.

तुमच्या गावातही हे चालू आहे, तुम्ही त्याला या नावानं ओळखत नसाल इतकंच. जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, नळाच्या पाण्यात क्लोरीन ओळखणाऱ्या ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल कार्डाचं गाव म्हणजे पावसाळ्यात जिथं साथ यायची शक्यता जास्त ते गाव. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला विषय मागितला की मी सांगते, आधी आपल्या तालुक्याची कार्डं गोळा करून आणा, मग बोलू.

माणसांच्या आधी जनावरं बोलतात, हाही इथला धडा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, पुन्हा तेच निदान. कोंबडीला मालक असतो, तिच्या मरणाची नोंद होते. कावळा मेला तर कोण कळवणार? उदगीरकरांनी कळवलं, ही मला त्या बातमीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आता सांडपाण्याकडं येते. पोलिओचा विषाणू शरीरात गेलेल्या साधारण दोनशे जणांमागं एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीचे धडधाकट हिंडतात, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून भारतात २००१ पासून, सुरुवात मुंबईतून, गटाराच्या पाण्यात पोलिओ शोधायला लागले. एका बाटलीत हजारो घरांचा हिशेब येतो. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तरी गटारातलं पाणी तपासणं थांबलेलं नाही. कोविडमध्ये हीच पद्धत जगभर कामाला आली.

पण ही सगळी पद्धत एक गोष्ट धरून चालते, ती म्हणजे जमिनीखालची गटारं. आपल्या गावात उघडी नाली असते, सेप्टिक टँक असतो, शोषखड्डा असतो. सगळ्या घरांचं पाणी एका जागी येतच नाही, तर बाटली भरायची कुठं? शाळेच्या मुतारीमागं? बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडच्या शौचालयाच्या टाकीत? हे मी गंमत म्हणून विचारत नाही. याचं उत्तर परदेशी पाठ्यपुस्तकात नाही, आणि ज्या पोरीला ते सापडेल तिचा प्रबंध कपाटात धूळ खात पडणार नाही.

नद्यांचंही तसंच. सांडपाण्याची मानकं मुळात आली इंग्लंडातून. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन; ती जितकी जास्त तितकं पाणी घाण. तिथल्या रॉयल कमिशननं १९१२ मध्ये ती लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत असावी म्हटलं ते अशा हिशेबानं, की नदीत गेल्यावर निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल. आता एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीच्या काठावर उभं राहून आठपट पाणी शोधा. आपल्या बऱ्याच नद्यांत उन्हाळ्यात वाहतं ते फक्त शहराचं सांडपाणी. ते सांडपाणीच नदी असतं. शुद्धीकरण केंद्रानं नियमाप्रमाणं तीसच्या आत बीओडी आणून सोडलं तरी खालच्या गावाला मिळतं ते तीसचंच पाणी, कारण त्यात मिसळायला दुसरं काही नाही. बीओडीची तपासणी मात्र आपण आपल्या हवेला जुळवून घेतली आहे: तिकडं वीस अंशाला पाच दिवस, आपल्याकडं सत्तावीस अंशाला तीन दिवस.

बायोरेमेडिएशनबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत खास जंतू बनवतो, तो सोडला की घाण गायब. या चित्राला आधारही आहे. आनंदमोहन चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञानं अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू बनवला, आणि १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याचं पेटंट मान्य केलं. जिवंत जिवाणूवर पेटंट मिळण्यातला तो ऐतिहासिक निकाल. पण तो जिवाणू कधी समुद्रातल्या तेलावर सोडला गेलाच नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर टाकलं ते खत, नत्र आणि स्फुरद. तेल खाणारे जंतू तिथं आधीपासूनच होते. तेलात कार्बन मुबलक असतो, उपाशी होते ते नत्राला.

शेतकऱ्याच्या पोरांना हे समजावायला मला फार वेळ लागत नाही. उकिरड्यात नुसता भुस्सा टाकला तर तो वर्षभर तसाच राहतो. शेण, मूत आणि ओल मिळाली की आतून वाफ निघते. दूषित मातीचे ढीग करून साफ करतात तेव्हा हेच करतात, फक्त मोजून.

म्हणून नाल्यात 'कल्चर'चे, म्हणजे वाढवलेल्या जंतूंचे, ड्रम ओतून नाला शुद्ध केल्याचे फोटो बघितले की मला शंका येते. सगळेच खोटे असतात असं नाही. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेनं बनवलेलं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण आपल्या देशात खरोखर वापरलं गेलंय. पण ओतण्याआधी बीओडी किती होती, नंतर किती झाली, नाल्यातून तासाला किती पाणी वाहतं आणि न ओतलेल्या तुकड्यात काय घडलं, एवढं तरी विचारायला हवं. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हे चार प्रश्न विचारायची सवय लागली तरी मी फी वसूल झाली म्हणेन.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना डिस्टिलरीचा स्पेंटवॉश सांगायला नको. एक लिटर अल्कोहोलमागं आठ-दहा लिटर, कधी जास्तही, तपकिरी, आंबूस पाणी निघतं. त्यापासून गॅस बनवला की बीओडीचा मोठा भाग जातो, रंग मात्र जात नाही. तो रंग मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांचा, आणि ते साध्या जिवाणूंना पचत नाहीत. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी ते तोडते. फ्लास्कमध्ये सुंदर तोडते, पाणी उजळताना डोळ्यांना दिसतं, विद्यार्थी फोटो काढून घरी पाठवतात. पण त्या बुरशीला जोडीला साखर घालावी लागते, पाणी आंबट लागतं आणि इतर जंतूंची गर्दी चालत नाही. साखर कारखान्याचं पाणी साफ करायला पुन्हा साखर ओतायची! फ्लास्कमधून टाकीपर्यंतचा हा प्रवास बहुतेक प्रबंधांना पेलत नाही, आणि ज्यांना तो करायचाय त्यांच्यासाठी लातूर, धाराशिव, बीडमध्ये काम पडून आहे.

जंतूंना काय जमत नाही हेही शिकवतात, आणि ते बरं आहे. किनवट भागातल्या बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड कोणताही जंतू खाऊन संपवू शकत नाही. तो फ्लोरीन या मूलद्रव्याचंच रूप आहे, तुटणार कुठं? धातूंचंही तसंच. काही जिवाणू क्रोमियमचं विषारी रूप कमी विषारी करतात, पण क्रोमियम राहतोच. जलपर्णी पाण्यातले धातू शोषते खरी, पण ती वेळेवर बाहेर काढली नाही तर तिथंच कुजते आणि घेतलेलं परत देते. उलट नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्या बंद झाल्या, डासही गेले. त्यात पेटंट नाही, ड्रम नाही. सांडपाणी जमिनीत मुरताना मातीतले जंतू आपलं काम करतात. रोगावर नजर आणि घाणीचा निचरा, माझे दोन्ही विषय त्या एका खड्ड्यात आले.

रोजचं काम कसं असतं, हे पोरीला आधीच सांगून ठेवा. नाल्यात उतरायचं, बाटली भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळा गाठायची. थर्माकोलचा डबा घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर विचारतो, "मासळी हाय का?" आणि खरं सांगितलं की शेजारची सीट रिकामी होते. मे महिन्यात बेचाळीस अंशांत बर्फ टिकत नाही. रात्री लाइट गेली की इन्क्युबेटर थंड पडतो, नाहीतर डीप फ्रीजर वितळतो. शिवाय मातीतले बहुसंख्य जंतू आपल्या प्लेटवर वाढतच नाहीत. ते फक्त डीएनए वाचून कळतात, आणि तो वाचायला नमुने बाहेर पाठवावे लागतात.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण ते फार गोड नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला मायक्रोची मुलं लागतात, बरीचशी तिकडंच जातात. पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, सांडपाणी प्रकल्प चालवणारे ठेकेदार, यांच्याकडंही जागा निघतात. सरकारी कमी आणि उशिरा, ठेकेदाराच्या लवकर पण कंत्राटी. शिकवायचं असेल तर नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि बहुतेक पीएचडी. दोन वर्षांत पैसा दिसला पाहिजे असं घरचं गणित असेल तर हा विषय तिच्या गळ्यात बांधू नका.

तरीही घालायचं ठरलं, तर विभागाच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. पोरीला घेऊन स्वतः जा. ऑटोक्लेव्ह, म्हणजे सामान वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, चालू आहे का, फ्रीजर इन्व्हर्टरवर आहे का, मागच्या बॅचच्या मुलांनी नमुने कुठल्या गावाहून आणले, हे सरांना नाही, शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा. आणि हे सगळं प्रवेशाची पहिली यादी लागायच्या आधी करा. एकदा फी भरली की नाव काढून घ्यायला दहा सह्या लागतात.