तुम्ही विचारलंत म्हणून: जुना लॉग आणि विंडोज ११

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा आयबॉल असला, म्हणजे एरवी वायरलेसवर बोलणारे लोक प्रत्यक्ष चहाला जमले, की पहिला कप संपायच्या आत कोणीतरी मला गाठतंच. तरुण असला तर 'काका' म्हणून, माझ्या वयाचा असला तर 'ओएम', म्हणजे हॅम भाषेत 'ओल्ड मॅन', म्हणून. "नवा लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११ आहे. माझा जुना लॉगिंग प्रोग्रॅम चालेल का हो त्यावर?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला आणि शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, वर्षानुवर्षं धूळ खात, पण इमानाने चालणारी यंत्रं हलायला लागली. तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढलाय.

चालतो. बहुतेक जुने प्रोग्रॅम कसे ना कसे चालतात. पण ती खटपट दुसऱ्या दिवशी करा. पहिल्या दिवशी, जुनं यंत्र अजून सुरू होतंय तोवर, त्यातला लॉग बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. हे सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, "ते झालंच, पण चालेल ना?"

हॅम नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो: लॉग म्हणजे रेडिओवर झालेल्या प्रत्येक गाठीभेटीची नोंद. तारीख, वेळ, बँड म्हणजे लहरींचा पट्टा, समोरच्याचं कॉलसाइन म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, सिग्नल कसा होता ते. माझे पहिले लॉग बांधीव वहीत आहेत. रोजच्या गप्पांना वही पुरते. स्पर्धेत मात्र ती दमवते. सीक्यू वर्ल्ड वाइड या जागतिक स्पर्धेची सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, सलग ४८ तास. एका स्टेशनला एका बँडवर एकदाच पकडायचं. दुसऱ्यांदा पकडलं तर तो 'डुप', त्याचा गुण नाही. वहीच्या काळात यासाठी वेगळा तक्ता आखलेला असे, कॉलसाइनच्या अक्षरांप्रमाणे खाने पाडलेला. पहाटे तीनला, डोळ्यांत झोप, कानात मोर्स, आणि उजव्या हाताचं बोट त्या तक्त्यावर 'हा आधी झालाय का' शोधत फिरतंय. तोवर समोरचा निघून गेलेला.

मग सीटी आला. अमेरिकेतल्या के१ईए, केन वुल्फ यांनी डॉससाठी लिहिलेला हा स्पर्धेचा प्रोग्रॅम. मी वापरायला लागलो तोवर तो फुकट झाला होता. कॉलसाइन टाइप केलं की डुप आहे की नाही ते लगेच दिसतं. एफ१ दाबलं की सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक जाते, इन्सर्ट दाबलं की समोरच्याचं कॉलसाइन आणि रिपोर्ट जातो, अधिकची कळ दाबली की आभार मानून नोंद पक्की. सीक्यू स्पर्धेसाठी जगाचे जे झोन पाडलेत, त्यात आपली भारताची मुख्य भूमी २२ व्या झोनमध्ये, म्हणून माझा रिपोर्ट कायम '५९९ २२': सिग्नल उत्तम, झोन २२. त्या तीन कळांवर माझी बोटं इतकी बसली आहेत की नव्या प्रोग्रॅमसमोर मी अजूनही पाहुण्यांच्या घरी जेवायला बसल्यासारखा बसतो. मीठ कुठे आहे तेही विचारावं लागतं.

आता तो विंडोज ११ वर थेट का चालत नाही, ते. डॉसचे आणि विंडोज ३.१ च्या जमान्यातले प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक खास सोय असायची, एनटीव्हीडीएम नावाची, म्हणजे विंडोजच्या पोटात खोटा डॉस. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती ठेवलेलीच नाही, कारण प्रोसेसर ६४ बिटमध्ये चालू असताना ज्या युक्तीवर ही सोय उभी होती ती युक्ती त्याच्याकडे नसते. विंडोज १० निदान ३२ बिटचं मिळायचं. विंडोज ११ ते नाहीच. म्हणून आयकॉनवर क्लिक केल्यावर 'हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही' असा कोरडा निरोप येतो आणि लोक घाबरून मला फोन करतात.

३२ बिटचे प्रोग्रॅम मात्र विंडोज ११ वर सुखाने चालतात. लॉगर३२ या लॉगिंग प्रोग्रॅमच्या तर नावातच ते आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांचंही ठीक चाललंय. कधीकधी गंमत अशी होते की प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण त्याची सेटअपची फाइल १६ बिटची. म्हणजे घर मजबूत, पण दाराची किल्ली गंजलेली. अशा वेळी जुन्या यंत्रावरचा बसवलेला फोल्डर उचलून नव्यावर ठेवला तर पुष्कळदा चालून जातं. एखादी फाइल कमी असल्याची तक्रार आली तर तीही जुन्यावरून आणायची. आतल्या मदतीचं पान मात्र उघडणार नाही, त्या जुन्या एचएलपी फाइल दाखवणारा प्रोग्रॅम विंडोजमधून गेला.

डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी डॉसबॉक्स. तो मुळात जुने गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला. बनवणारे स्वतःच म्हणतात की कामाच्या प्रोग्रॅमांची आम्ही हमी घेत नाही. तरी सीटी त्यात उघडतो. लॉगसाठी वेगळा फोल्डर करायचा आणि तेवढाच डॉसबॉक्सला जोडायचा, अख्खा सी ड्राइव्ह त्याच्या हाती द्यायचा नाही. जुने लॉग बघायला, चाळायला हे उत्तम. पहिल्यांदा सीटीची ती ओळखीची अक्षरं स्क्रीनवर आली तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

मोर्स पाठवायची वेळ आली की खरी पंचाईत. हे नीट सांगायला हवं, कारण इथे बरेच जण रेडिओसंचाला, केबलला, नशिबाला दोष देतात. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने पाठवताना एक डिट, म्हणजे मोर्समधला टिंब, ४० मिलिसेकंदांचा असतो. डॉसमध्ये सीटी एकटा राजा होता. संगणकाचा टायमर त्याच्या ताब्यात, मोर्स जायची ती कॉम पोर्टची, म्हणजे संगणकामागच्या जुन्या सीरियल जोडणीची, डीटीआर नावाची पिन त्याच्या ताब्यात. ४० म्हणजे ४०. विंडोजमध्ये तो शंभरांतला एक. विंडोजचं आतलं घड्याळ मुळात सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं, त्यावर डॉसबॉक्स, त्यावर यूएसबीची केबल. सगळ्यांच्या रांगेतून जाऊन डिट कधी ३० चा निघतो, कधी ५५ चा. ऐकणाऱ्याला वाटतं, पाठवणारा खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत बसून पाठवतोय. मला एका जुन्या मित्राने रेडिओवरच विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना?

यावर शहाणा उपाय म्हणजे विनकीयरसारखी चिप. संगणक तिला फक्त अक्षरं देतो, डिट आणि डा, म्हणजे टिंब आणि रेघ, ती स्वतः मोजते. नवे प्रोग्रॅम तिच्याशी सरळ बोलतात, आणि एन१एमएम प्लस हा आजचा स्पर्धेचा प्रोग्रॅम चालवताना मी तीच वापरतो. यूएसबी ते सीरियल केबल घेताना एक जपा. स्वस्त केबलमध्ये नक्कल केलेली चिप निघते, जुन्या ड्रायव्हरवर ती वर्षानुवर्षं चालते आणि नवा ड्रायव्हर आला की तिला ओळखच देत नाही. माझ्या दोन केबल अशा मेल्या. मी त्यांचा आता कपडे वाळत घालायला उपयोग करतो असं घरच्यांचं म्हणणं आहे, ते खोटं आहे. एकीचाच करतो.

घड्याळाची गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून. लॉग यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, ठेवायचा असतो. पूर्वी शॅकचा संगणकच मी यूटीसीवर लावून ठेवला होता. आमच्या एक्सवायएलनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, एकदा त्यावरून एक अर्ज छापला, त्यावर आदल्या दिवसाची तारीख पडली; पहाटेची वेळ होती, यूटीसीचा दिवस अजून उजाडला नव्हता. त्यानंतर घरच्या संगणकाला हात लावायला मला बंदी झाली. नवा लॅपटॉप आपली वेळ इंटरनेटवरून आपणच घेतो, भारतीय प्रमाणवेळ, आणि डॉसबॉक्स तीच सीटीला देतो. हे माझ्या लक्षातच आलं नाही. आपल्याकडे स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. माझ्या लॉगमध्ये पहिली नोंद ०००० ऐवजी ०५३० ची. शेवटचे साडेपाच तास तर कागदोपत्री स्पर्धा संपल्यानंतरचे. तसाच लॉग मी लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर, म्हणजे एआरआरएल या अमेरिकन हॅम संघटनेच्या, दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवणाऱ्या इंटरनेटवरच्या सेवेवर चढवला. तिथे दोन्ही बाजूंच्या वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळाव्या लागतात. एकही जुळली नाही. आठवडाभर मला वाटत होतं, जग माझ्यावर रुसलंय. मग प्रत्येक नोंदीतून साडेपाच तास वजा करत बसलो, आणि मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतल्या नोंदींची तारीखही एक दिवसाने मागे न्यावी लागते हे अर्ध्या वाटेत ध्यानात आलं. पुन्हा पहिल्यापासून.

पण लॉग आधी बाहेर काढा, असं मी जे रेटून सांगतो, ते वेगळ्याच प्रकारामुळे. रोजच्या नोंदींसाठी माझा एक ३२ बिटचा प्रोग्रॅम होता. एक्सपीपासून तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेला, लॉगची फाइलही तिथेच, शेजारी. पुढे विंडोज ७ चा संगणक घेतला, तिथेही तसाच बसवला, काही वर्षं छान चालला. मग आणखी नवं यंत्र आलं, मी फोल्डर उचलून त्यावर ठेवला, उघडला, तर लॉग विंडोज ७ घेतल्याच्या दिवशीच संपत होता. मधली तीन वर्षं साफ गायब. जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम उघडला की सगळं दिसतं, फोल्डर उघडून फाइल पाहिली की ती जुनीच. भुताटकी म्हणतात ती हीच, असं वाटलं.

कारण साधं होतं. व्हिस्टापासून विंडोज कुठल्याही प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये सहजी लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रॅमना हे माहीतच नसतं, ते लिहायला जातात, आणि त्यांचं मन राखायला विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं: यूझर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. प्रोग्रॅमला वाटतं आपण घरातच लिहितोय. ॲपडेटा हा फोल्डर एरवी लपवलेला असतो, त्यामुळे आपल्यालाही तसंच वाटतं. माझी तीन वर्षं तिथे बसली होती. जुन्या यंत्राची डिस्क मी अजून पुसली नव्हती म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी ते भाच्याला देणार होतो. दोष प्रोग्रॅमचा नाही, विंडोजचाही नाही, बॅकअप उघडून न बघणाऱ्या माझा. तेव्हापासून कुठलाही जुना प्रोग्रॅम मी सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून तिथेच बसवतो.

बाहेर काढायचं म्हणजे एडीआयएफ फाइल करायची. १९९६ पासूनची ही सगळ्यांची सामाईक भाषा. बहुतेक प्रोग्रॅमना लिहिता-वाचता येते. उघडून बघितलीत तर साधी अक्षरं दिसतील. प्रत्येक माहितीआधी कंसात तिचं नाव आणि पुढे ती किती अक्षरांची आहे तो आकडा. नोटपॅडमध्ये हात घालणाऱ्यांनी या आकड्याला भ्यावं. गावाच्या रकान्यात रोमनमधलं पाच अक्षरांचं ठाणे खोडून रत्नागिरी लिहिलं आणि आकडा ५ च ठेवला, तर वाचणारा प्रोग्रॅम 'रत्ना' एवढंच घेतो आणि गिरी सोडून देतो. शेरे आणि क्यूएसएल कार्ड, म्हणजे गाठ पडल्याची टपालाने पाठवायची पोचपावती, आल्या-गेल्याच्या खुणा पुष्कळ जुने प्रोग्रॅम या फाइलमध्ये घालतच नाहीत, म्हणून मूळ फाइलही जपा. आणि तारखा तपासा. काही प्रोग्रॅम विंडोजच्या सेटिंगप्रमाणे तारीख वाचतात. ३ एप्रिल अमेरिकन पद्धतीने ४ मार्च होतो आणि १२ तारखेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

माझ्या शेऱ्यांच्या रकान्यातली एक नोंद डिसेंबर २००४ ची आहे. कॉलसाइन व्हीयू४आरबीआय, पोर्ट ब्लेअर. भारती प्रसाद यांच्या तुकडीने अंदमानातून रेडिओ लावला होता, आणि जगभरचे हॅम त्यांच्यावर तुटून पडले होते, कारण अंदमान हवेवर मिळणं तेव्हा दुर्मीळ. माझी पाळी यायला दीड तास लागला. त्यानंतर काही दिवसांनी, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली आणि त्याच तुकडीने तिथून लोकांच्या खुशालीचे निरोप पोचवले. नोंदीसमोर मी रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'आवाज दमलेला'. हे त्सुनामीच्या आधीचं. एडीआयएफमध्ये हा शेरा उतरला नव्हता. मूळ फाइल ठेवली होती म्हणून आहे.

कोणाला डॉसबॉक्सचा कंटाळा असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बसवून, त्याचं इंटरनेट तोडून, तिथे जुना प्रोग्रॅम ठेवावा. माझे दोन मित्र तेच करतात आणि समाधानी आहेत. मला त्या एक्सपीची हिरवी टेकडी बघितली की ऑफिस आठवतं, म्हणून मी करत नाही.

आणि स्पर्धेला? खरं सांगायचं तर टेबलाखाली एक पेंटियम थ्री आहे, विंडोज ९८ चा, मागे अस्सल कॉम पोर्ट असलेला. त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा तिच्या जागी कॅमेऱ्यात असायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड अडॅप्टर लावून बसवलं. डॉसला फरक कळत नाही. घड्याळाचा गोल सेल दिवाळीतच बदललाय, वेळ यूटीसीवर लावली आहे, आणि त्यावर कोणी अर्ज छापू नये म्हणून प्रिंटर काढून ठेवलाय. यंदाच्या नोव्हेंबरात पॉवर सप्लायचा पंखा तेवढा ४८ तास टिकला पाहिजे. नाही टिकला तर हाताने मोर्स पाठवायचं पॅडल आहे, आणि डुपचा तो आखलेला तक्ताही कपाटात सापडला परवा.