तुम्ही विचारलंत म्हणून: साऊथ साइडला भीती नाही वाटत?

"शिकागोत राहता ना, मग त्या साऊथ साइडला जायला भीती नाही वाटत?" पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतोच. शहराच्या दक्षिणेकडचा, बरीचशी काळ्या लोकांची वस्ती असलेला तो भाग बहुतेकांनी बातम्यांत नाहीतर मालिकांत पाहिलेला असतो.

वाटते, काही चौकांत, रात्री. तिथले गोळीबार खोटे नाहीत. पण बातमी तिथे पोलिसांच्या गाडीमागून जाते आणि गाडीबरोबरच परत फिरते.

बातमीवर किती विसंबायचं, याची शहराच्या पश्चिम भागातली एक जुनी गोष्ट. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलिसांनी वेस्ट साइडच्या एका घरावर छापा घातला आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा 21 वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन याला ठार केलं. (मुंबईतल्या दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतलं ते याच पँथरांवरून.) जोरदार चकमक झाली, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. 'शिकागो ट्रिब्यून'ने त्यांनीच पुरवलेले फोटो छापले: दारावर पँथरांच्या गोळ्यांची भोकं, भोवती गोल काढून. 'सन-टाइम्स' या दुसऱ्या पेपरचे बातमीदार घरात जाऊन पाहतात तर काय, ती खिळ्यांची डोकी! पुढे फेडरल तपासात 80 हून जास्त गोळ्यांपैकी पँथरांची म्हणता येईल अशी एकच निघाली. मला मात्र त्या बातमीदारांपेक्षा शेजारपाजारची माणसं मोठी वाटतात. पोलिसांनी घराला सील लावलंच नव्हतं, पँथरांनी ते लोकांसाठी खुलं केलं, आणि हजारो लोक रांगा लावून भिंती बघून गेले.

छापील शब्दावर आंधळा विश्वास न ठेवणारी ही माणसं वर्तमानपत्राशिवायची नव्हती. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी 1905 मध्ये साऊथ साइडला 'शिकागो डिफेंडर' काढला होता. रेल्वेच्या पुलमन म्हणजे झोपायच्या डब्यांतले काळे पोर्टर त्याचे अंक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पोचवत, तिथे ते हातोहात फिरत, मोठ्याने वाचले जात. त्यात लिंचिंगच्या बातम्या असत, तशी लग्नं, चर्चचे कार्यक्रम, कोणाकडे कोण पाहुणे आले हेही. असल्या बारीकसारीक बातम्या मला अग्रलेखांपेक्षा जास्त सांगून जातात. 2019 मध्ये त्याची छपाई थांबली.

त्याच्या मुलांच्या पानातून 1929 मध्ये निघालेली बड बिलिकेन मिरवणूक मात्र चालू आहे. शाळा सुरू होण्याआधी, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, साऊथ साइडच्या ब्रॉन्झव्हिल वस्तीतून. बँड, नाचणाऱ्या पोरी, फुटपाथवर शेगड्या. तेव्हा आलात तर मी घेऊन जाईन. फक्त सकाळी लवकर निघावं लागेल, सावलीतल्या जागा आधीच खुर्च्या टाकून अडवलेल्या असतात.