मुरगावचा कोळसा आणि दुसरा रूळ
गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरणारा बहुतेक कोळसा गोव्यात जळत नाही हो, तो जातो कर्नाटकात बेल्लारीकडच्या स्टील प्लांटना, आणि वाटेत कुळे ते कॅसलरॉक हा १:३७ चढाचा (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) घाट, जिथे भरलेल्या मालगाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. मागणी वाढली, सिंगल ट्रॅक पुरेना, म्हणून डबल ट्रॅकिंग, म्हणजे शेजारी दुसरा रूळ. ट्रकपेक्षा रेल्वे बरी हे मलाही पटतं, पण रुळालगतच्या घरात खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की काळं होतं त्याचं काय? २०२० मध्ये गोव्यातल्या चांदोर गावात लोक रात्री रुळांवर बसले ते उगाच नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोलेच्या जंगलातल्या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली तेव्हा खूप बरं वाटलं. आता निदान वॅगन तरी नीट झाका!