कळसूबाईवर कळसूबाई

आमच्या घरात प्रवास तिकिटापासून नाही, वहीपासून सुरू होतो. दोनशे पानी वही, पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा. तारीख, ठिकाण, वेळ आणि शेवटचा रकाना 'उरलेल्या वेळात'. नवऱ्याच्या लेखी उरलेला वेळ म्हणजे उरलेला भात. टाकवत नाही, फोडणी घालून संपवायचा. कन्याकुमारीला त्याने सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या मध्ये सहा ठिकाणं बसवली होती. सूर्यास्ताला मी बाकावर झोपले होते.

यंदाच्या वहीवर लिहिलंय 'कुस्को'. पेरू देशातली, अँडीज पर्वतातली इंका साम्राज्याची जुनी राजधानी. (फळावरचे सगळे विनोद घरात करून संपलेत, तेव्हा ते गाळते.) कुस्को म्हणजे बेंबी, जगाची बेंबी, असं इंका गार्सिलासो दे ला वेगा हा लेखक लिहून गेला आहे. तो याच गावात १५३९ साली जन्मला, आई इंका घराण्यातली आणि बाप स्पॅनिश. आपलं गाव जगाच्या मध्यावर आहे हे पुणेकरांनाही ठाऊक असतंच, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

अडचण उंचीची. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली, तरी देवीचा कळस कुस्कोच्या चौकाखाली शंभरेक मीटर राहील. आणि त्या उंचीवर लोक दुकानं उघडतात, पोरं फुटबॉल खेळतात. लिमा समुद्रकाठी, तिथून विमान सव्वा तासात वर नेऊन सोडतं. शरीराला कळायच्या आत हवेचा दाब दोन-तृतीयांशावर आलेला असतो. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. लेहला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. तिकडे याला 'सोरोचे' म्हणतात. नवऱ्याने घाईघाईत तेही बघायच्या ठिकाणांच्या रकान्यात लिहिलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिला दिवस काही करायचं नाही.

"काही नाही म्हणजे किती?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही म्हणजे काहीच नाही."

तो घरी येऊन बराच वेळ त्या मोकळ्या चौकटीकडे बघत बसला. मग त्याने पळवाट शोधली. विमानतळावरूनच गाडीने खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरायचं, ओलांतायतांबोला राहायचं. ते साधारण २,८०० मीटरवर आहे, तिथे आधी सवय करायची आणि कुस्को शेवटी. अनुभवी लोकही हेच सांगतात. खरी गंमत माचू पिच्चूची, इंकांच्या डोंगरातल्या जुन्या नगराची. मी आजवर समजत होते की तिथे दमछाक करत चढायचं असतं. ते आहे २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून हजारभर मीटर उतरून जायचंय!

तारखांवरून वाद झाला. मला २४ जून हवा होता, इंती रायमीचा, सूर्याच्या सणाचा. आपल्याकडे आर्द्रा लागलेली असते तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा, रात्री पारा शून्याच्या आसपास. घरातून छत्री घेऊन निघायचं आणि तिकडे कानटोपी घालायची. पण त्या आठवड्यात खोल्या महाग, म्हणून गाडी मे महिन्यावर ठरली.

सासूबाई येणार नाहीत, पण काळजी करणार आहेत. "चतुर्थी आली तर तिकडे काय खाणार गं?" मी म्हटलं, "आई, तुमचा अर्धाअधिक उपवास तिकडूनच आलाय." बटाटा अँडीजमधला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिथलाच, आणि मिरचीही त्याच खंडांतली. त्यांनी क्षणभर विचार केला. "आणि भगर?" भगर आपली. त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांना सगळ्यात आवडलं ते चुन्यो. थंडीत रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात ठेवायचे, मग पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की हलके, सुके गोळे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. "म्हणजे वाळवणच की," सासूबाई म्हणाल्या, "पण पाय धुऊन तुडवतात ना?"

मला मात्र बघायचीय ती कोरिकांचाची भिंत. हे कुस्कोतलं इंकांचं सूर्यमंदिर. १५३३ मध्ये स्पॅनिश आले, भिंतींवरचे सोन्याचे पत्रे त्याआधीच, त्यांनी कैद केलेल्या इंका सम्राट अताहुआल्पाच्या खंडणीसाठी उचकटून झाले होते. मग त्याच जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. मे १९५० मध्ये भूकंप झाला. वरचा मठ बराचसा ढासळला आणि आत झाकलेल्या इंकांच्या भिंती जागच्या जागी उभ्या दिसल्या. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड घासून बसवलेला. आमच्या सोसायटीच्या नव्या कंपाउंडला पहिल्याच पावसात तडे गेले, त्यामुळे मी हे फार मन लावून वाचलं.

काल वही उघडली. कुस्कोच्या पहिल्या दिवसापुढे नवऱ्याने ठळक अक्षरांत लिहिलंय, 'विश्रांती'. खाली बारीक पेन्सिलीने: 'उरलेल्या वेळात बारा कोनांचा दगड, चौकाजवळच आहे.'