ब्रोकोलीच्या गोळ्या आणि फॅटी लिव्हर

आज दिवसभर ओपीडीत एकच प्रश्न: "फॅटी लिव्हरसाठी ब्रोकोलीच्या गोळ्या घेऊ का?" नको. ब्रोकोलीपासून मिळणाऱ्या सल्फोराफेन या घटकाने उंदरांच्या यकृतातली चरबी घटलेली दिसते, माणसांवरचे प्रयोग मात्र अजून थोडे आणि छोटे.

भाजी खा, पण नीट करून. सल्फोराफेन ब्रोकोलीत आयतं नसतं. चिरल्यावर मायरोसिनेज हे एन्झाइम ते तयार करतं. म्हणून बारीक चिरून 40 मिनिटं ठेवा, मग 3-4 मिनिटं वाफवा. चिरून लगेच कुकरला लावलीत तर एन्झाइम गेलं. फ्रोझन पाकिटात ते बहुधा आधीच गेलेलं असतं. तिथे पाव किलोला अर्धा छोटा चमचा मोहरीची कच्ची पूड, वाढताना. फोडणीतली मोहरी चालणार नाही, तडतडली की तिचंही एन्झाइम संपलं.

यकृताची सूज उतरायला वजन 7 ते 10 टक्के घटावं लागतं. आणि हो, चीजमध्ये बुडवलेली ब्रोकोली यात धरू नका!